शेवटच्या डावाचा माणूस

दुखान,
कतार,
शुक्रवार, ९ जानेवारी १९८७

प्रिय शोभा,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही सगळे खुशाल असाल. आम्ही इकडे ठीक. नाशिकला कडाक्याची थंडी असेल. इथेही यंदा स्वेटर बाहेर काढावे लागले. माझी मागची दोन पत्रं तुला पोचली की नाही, कळायला मार्ग नाही. पोचली असतील असं धरून तिसरं लिहिते आहे.

तुमच्या फ्लॅटमध्ये अखेर माणसं आली. हैदराबादची सुरय्या आणि तिचा नवरा. बाई वाईट नाही, पण आल्या आल्या तिने तुझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीला जांभळा पडदा लावला. आता मी भांडी घासताना समोर बघत नाही. तिचा नवरा लिफ्ट मागायला रोज सकाळी आमच्या दारात, आणि आमचे हे त्याला गाडीत बसवून ऑफिसला पोचेपर्यंत बेसबॉल शिकवतात. चांगली शिक्षा आहे. दोघांनाही.

हो, ते वेड अजून चालू आहे. तुमच्या वेळी हे महिन्यातून एखाद्या शुक्रवारी जायचे, आता एकही शुक्रवार चुकत नाही. तू ग्राउंडवर कधी फिरकली नाहीस, शहाणी होतीस, म्हणून तुला सांगते काय चालतं ते. वाळूवर तेल ओतून, रोलर फिरवून एक काळं मैदान केलंय. मधोमध एकजण उभा राहून चेंडू फेकतो, टप्पा न पाडता. समोरचा गोल दांडक्याने तो मारतो आणि पळत सुटतो. चार कोपऱ्यांना शिवून परत आला की एक धाव. बाकीचे हातात चामड्याचा पंजा घालून वाट बघतात. बहुतेक वेळ सगळे वाटच बघत असतात. मधूनमधून थुंकतात. यासाठी दोह्याहून, उम्म सईदहून अमेरिकन लोक गाड्या भरून येतात, आणि पर्सोनेल ऑफिसर मधुकर देवस्थळी, पुणे, डोक्यावर लाल टोपी घालून त्यांच्या धावा लिहितात.

पुण्यातही यांनी हेच केलं. क्लबाच्या क्रिकेट टीममध्ये सगळं तारुण्य गेलं, पण बॅट हातात कधी आली नाही. स्कोअरर. सासूबाई मला कौतुकाने सांगायच्या, आमच्या मधूचं अक्षर बघून त्याला घेतलं. मी तेव्हा नवी होते, मला वाटलं त्या विनोद करतायत.

आणि यांचं दैवत कोण, तर प्रुइट. रंगनाथभावजींचा साहेब, यार्डाचा सुपरिंटेंडंट. तू त्याला पाहिलं आहेस: उंच, पोट सुटलेला, गालात कायम तंबाखूचा गोळा. तरुणपणी तो म्हणे अमेरिकेत पगारी खेळाडू होता. लहानसहान गावांच्या संघांतून खेळला, मोठ्या संघात फक्त एक उन्हाळा. आता पन्नाशीला आलाय. तो सुरुवातीला खेळतच नाही. पत्र्याच्या खुर्चीवर बसून राहतो. संघाचा पहिला फेकणारा दमला, मार खायला लागला, सामना हातातून निसटतो आहे असं झालं, की शेवटच्या डावात याला उठवतात. अशा माणसाला ते रिलीफ पिचर म्हणतात.

मागच्या आठवड्यात जेवताना हे म्हणाले, “तो मैदानात येतो तेव्हा सगळं बिघडलेलं असतं, नीता. बिघडवलेलं दुसऱ्यांनी. आणि तो कोणाला एका शब्दाने बोलत नाही. चेंडू घेतो आणि कामाला लागतो.”

मी म्हटलं, “नगरपालिकेचे सफाईवालेही तेच करतात. त्यांच्यासाठी कधी टोपी घातली नाहीत.”

यांनी ताट बाजूला सारलं. नंतर आमटी संपवली, पण आधी सारलं.

ऑफिसातलं काही लिहीत नाही. तेलाचे भाव उतरल्यापासून इथे सगळे दबक्या आवाजात बोलतात, आणि तुला आता त्यात काय रस असणार. मंडळाचं हळदीकुंकू यंदा दोह्यात आहे. मी जाणार नाही. तुझ्याबरोबर जायची सवय होती.

भावजींना नमस्कार सांग. सांगावासा वाटला तर.

तुझी,
नीता

*

दुखान,
रविवार, १५ फेब्रुवारी १९८७

प्रिय शोभा,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. चार ओळी का होईना, तुझं अक्षर दिसलं, बरं वाटलं. भावजी अंबडच्या एका कारखान्यात रुजू झाले हे वाचून आनंद झाला. पाळीची नोकरी म्हणतेस, तर झोपेचे हाल असतील. त्यांना सांभाळ.

तू विचारलं आहेस: यार्डातली तीन माणसं काढायची हे कोणी ठरवलं, एवढंच मधुभावजींना विचारून कळव. मी विचारलं. हे म्हणाले, ह्युस्टनला ठरलं. तुम्हाला ऑगस्टमध्ये जे सांगितलं तेच. हेड ऑफिस सांगतं, इथे फक्त टाइप होतं. मी तुला यांचं उत्तर जसंच्या तसं कळवलं आहे. भावजींबरोबर रत्नागिरीकडचा वली आणि नगरचा जालिंदर गेले, त्यांचा पत्ता काही मला ठाऊक नाही.

आता दुसरं सांगते. परवाच्या शुक्रवारी मला ग्राउंडवर जावं लागलं. दोह्याचा संघ येणार, सगळ्यांच्या बायका येणार, तू नाही आलीस तर बरं दिसत नाही, असं आठवडाभर ऐकलं. गेले. सकाळचं ऊन, वाऱ्याने वाळू दातांत. अमेरिकन बायका घडीच्या खुर्च्या, थर्मास, कुत्री घेऊन आलेल्या. त्यांच्यातली एक मला म्हणाली, तुमचा नवरा किती गोड आहे. ती ज्या सुरात कुत्र्याशी बोलत होती त्याच सुरात.

दुखानचा संघ पुढे होता. मग शेवटच्या डावात त्यांचा फेकणारा, एक लाल तोंडाचा पोरगा, रडकुंडीला आला. दोह्याचे तीन गडी एकामागून एक कोपऱ्यांवर जाऊन उभे. अजून एक जोराचा फटका बसला की सामना गेला. तेव्हा आमचे हे उठले. चेंडू प्रुइटच्या हातात नेऊन द्यायचा मान यांच्याकडे आहे, म्हणजे यांनी स्वतःहून घेतलाय. दोन्ही हातांत धरून घेऊन गेले. मला मान खाली घालावीशी वाटली.

पण शोभा, मी घातली नाही, कारण प्रुइट उठला. सावकाश, गुडघ्यावर हात टेकून. त्या पोराच्या खांद्यावर थाप मारून त्याला बसायला पाठवलं. त्याने चेंडू फेकला तेव्हा मला वाटलं चुकला, अगदी हळू गेला, आणि मारणाऱ्याने दांडकं फिरवलं ते हवेतच. पुन्हा तसाच. पुन्हा. प्रत्येक वेळी फेकून झाल्यावर त्याचा चेहरा एकीकडे ओढला जायचा. दुखत होतं. लांबून मला दिसलं, बाकी कोणी बघत नव्हतं, सगळे चेंडू बघत होते. तिघांना त्याने असं गुंडाळलं. लोक धावले तोवर तो खुर्ची घडी करून निघालासुद्धा.

एवढं बघण्यासारखं होतं. ते नाकारत नाही. मग यांच्याकडे पाहिलं. यांचे डोळे भरून आलेले. चौदा वर्षांच्या संसारात ते मी आत्ता पाहिलं. आमची छोटी गेली तेव्हाही पाहिलं नव्हतं. त्यावर काही लिहीत नाही.

त्या आनंदात यांनी प्रुइटला थेट घरी जेवायला आणलं. घरात भरली तोंडली, वरण-भात, कोशिंबीर. अमेरिकनाला काय कळणार, म्हणून यांनी क्लबातून थंड कोंबडी मागवायचा घाट घातला. तो म्हणाला नको, जे आहे ते चालेल. हाताने जेवला. डाव्या हाताने, कारण उजवा तोंडापर्यंत उचलवेना. पाण्याचा ग्लासही डाव्याने उचलला. तिकडे ओक्लाहोमात त्याची बायको एकटी असते, तिची दृष्टी जात चालली आहे, हे त्याने मी विचारलं म्हणून सांगितलं. यांना ते ठाऊक होतं. मला कधी सांगितलं नव्हतं. त्याचा चेंडू किती अंशात वळतो ते सांगितलं होतं.

मग तो बोलता बोलता एक गोष्ट बोलला.

ती आत्ता लिहीत नाही. मला आधी नीट कळू दे. टपालाची गाडी जायची वेळ झाली आहे.

तुझी,
नीता

*

दुखान,
रविवार, ८ मार्च १९८७

प्रिय शोभा,

मागच्या पत्रात मी अर्धवट थांबले. टपालाची गाडी वगैरे काही नव्हतं, आणि कळायचंही काही उरलं नव्हतं; लिहायचा धीर होईना. हे पत्र तू एकटी असताना वाच.

प्रुइट असं म्हणाला: “मी जुलैतच तुमच्या मिस्टरांना सांगितलं होतं, माणसं कमी करायची असतील तर माझं नाव घाला. मला घरी जायचंय. त्यांनी माझ्यासाठी पुष्कळ खटपट केली, पण ह्युस्टन सोडायला तयार नाही.” आणि त्याने यांच्याकडे बघून मान तुकवली, आभार मानल्यासारखी.

हे ताकाच्या भांड्यात डाव फिरवत होते.

मी इतकी हुशार नाही, पण एवढं मला कळलं. प्रुइटला सांगितलं, ह्युस्टन तुला सोडत नाही. भावजींना सांगितलं, ह्युस्टन तुम्हाला ठेवत नाही. दोन्ही वेळा बोलणारा एकच.

तो गेल्यावर मी टेबल तसंच ठेवलं आणि यांच्यासमोर बसले.

“ह्युस्टनने काय सांगितलं होतं?”

“ऑफिसचं घरात नको, नीता.”

“ऑफिस आत्ता घरात जेवून गेलं. काय सांगितलं होतं?”

“खर्च कमी करा, एवढंच. कसा ते आम्ही ठरवायचं.”

“आम्ही म्हणजे कोण?”

यांनी ताकाचं भांडं झाकलं. मग म्हणाले, “यार्डाचं मी ठरवलं. एक गोरा काढायचा किंवा आपले तीन. कागदावर सारखंच होतं.”

“आणि तो स्वतः जातो म्हणत होता.”

“तो तेव्हा निराश होता. खांदा दुखत होता. खेळाडू बोलतात असं, मनावर घ्यायचं नसतं.”

“बायकोला दिसेनासं झालंय म्हणून जातो म्हणत होता.”

तेव्हा यांनी मला जे उत्तर दिलं ते तुला शब्दशः लिहिते. तुला खरं वाटणार नाही, मलाही वाटलं नसतं. हे म्हणाले, “तो गेला असता तर शुक्रवारी शेवटच्या डावाला कोण होतं? टीम मोडली असती.”

चिडून नाही म्हणाले. समजावून सांगितलं. जशी माझ्या लक्षात न आलेली एखादी अडचण दाखवावी तसं.

मला हसू आलं, शोभा. मी भांडीकुंडी आपटेन, रडेन, असं यांना वाटत असावं. मला इतकं हसू आलं की समोरून सुरय्याने जांभळा पडदा सारून पाहिलं. ज्या माणसाला लाच खाऊन कोणाचं वाटोळं करता आलं नसतं, तेवढं धाडसच नाही, त्याने ते एका चेंडूपायी केलं. लाच खाल्ली असती तर मला निदान समजलं असतं. तुम्ही सामान बांधत होता तेव्हा हेच दोरी घेऊन आले होते. भावजींच्या ट्रंकेला यांनीच गाठी मारल्या. मला त्या गाठी सारख्या दिसतात.

तुला एवढं कळवून मी गप्प बसू शकले असते. बसले नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी प्रुइटच्या बंगलीवर गेले. तो तेलाच्या पिंपात लावलेल्या टोमॅटोंना पाणी घालत होता. मला एकटीला पाहून गडबडला, सदरा घालून आला. मी उभ्यानेच सांगितलं. माझ्या इंग्रजीला अशा कामाची सवय नाही, पण त्याला कळलं.

तो म्हणाला, “मी ऑगस्टमध्ये रजेवर होतो. परत आलो तर रंगनाथ नव्हता. मला सांगितलं, त्याने घरगुती कारणाने सोडलं.”

“सोडलं नाही. तिघांना काढलं. तुमच्याऐवजी.”

“वलीसुद्धा?”

“वलीसुद्धा.”

तो पायरीवर बसला. मग म्हणाला, “तुमच्या मिस्टरांना माझ्याकडून हवं तरी काय होतं?”

“शुक्रवार,” मी म्हटलं.

त्या शुक्रवारी मी न बोलावता ग्राउंडवर गेले. उम्म सईदचा संघ होता, शेवटचा डाव तसाच अडलेला. हे चेंडू घेऊन प्रुइटपाशी गेले, नेहमीसारखे. मी मुद्दाम खुर्चीच्या मागे उभी होते. प्रुइटने चेंडू घेतला, बघितला, आणि यांच्या हातात परत ठेवला.

म्हणाला, “दुसरा कोणीतरी शोधा. माणसं निवडायला तुम्हाला जमतं.”

मोठ्याने नाही. यांना, मला आणि बाकावरच्या दोघांना ऐकू गेलं असेल. हे तिथेच उभे राहिले. त्या लाल तोंडाच्या पोराने येऊन यांच्या हातातून चेंडू घेतला, तरी हात तसाच. दुखान तो सामना हरला. गाडीतून येताना हे एवढंच म्हणाले, “त्याला कोणी सांगितलं?” मी म्हटलं, “मी.” पुढचे कित्येक दिवस आम्ही बोललो नाही, पण डबा मी भरून दिला. तो यांनी संपवून आणला.

यांची कीव करावी असं तुझ्या मनात येत असेल तर येऊ देऊ नकोस. मी प्रयत्न करून पाहिला, नाही जमत.

प्रुइटने सोमवारी राजीनामा दिला. महिनाअखेर तो जाईल. जाण्याआधी त्याने मॅनेजरला लिहून दिलंय की यार्ड रंगनाथ एकटा सांभाळेल, गोऱ्याची गरज नाही. हेड ऑफिसला तर हेच हवं होतं. कागद यांच्या टेबलावर आला. मी यांना सांगितलं, भावजींचं बोलावण्याचं पत्र तुम्ही स्वतः लिहायचं, स्वतः सही करायची, आणि उशीर करायचा नाही. यांनी केलं. एका जागेचं. वली आणि जालिंदरचं विचारलं तर म्हणाले, त्यांच्या जागा आता नाहीतच.

तर असं आहे. तुझ्या घरी एक पाकीट येईल, खाली मधुकर देवस्थळी अशी सुंदर अक्षरात सही असेल. ते फाडायचं की भावजींना द्यायचं ते तू ठरव. भावजींना खरं सांगायचं की नाही तेही. मी तुझी क्षमा मागत नाही, कारण यांच्या वतीने मागितलेली क्षमा तुला नको असेल, आणि हे स्वतः मागतील असं मला वाटत नाही.

नीता

*

दुखान,
शुक्रवार, २२ मे १९८७

प्रिय शोभा,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र भावजींच्या हातूनच मिळालं. चिवड्याच्या डब्यात, कागदाखाली ठेवलेलं. तू लिहितेस: “यांना काही सांगू नकोस. यांना ते काम आवडायचं, इथे रोज कुढतात. स्वाभिमानी माणूस आहे, कळलं तर तिथे राहणार नाहीत. मधुभावजींना माझा नमस्कार सांगू नकोस.” मी तुझं ऐकलं. नमस्कारही सांगितला नाही, आणि दुसरंही.

भावजी तब्येतीने वाळले आहेत, पण इथे आल्यावर दोन घास जास्त जेवतात. सध्या बॅचलर कॅम्पमध्ये खोली दिली आहे. फॅमिली क्वार्टर जून-जुलैत मिळेल म्हणतात. तुमचा जुना फ्लॅट नाही, मागच्या ओळीतला. रमजान चालू आहे, म्हणून दुपारी सगळं थंड. ग्राउंडवर हल्ली सकाळी उजाडताच खेळतात आणि पाणी प्यायचं तर गाडीत बसून पितात.

हो, खेळतात. प्रुइट गेला, टीम मोडली नाही. एकही शुक्रवार चुकला नाही. टेक्सासचा कोणी एक नवीन आलाय, केस पिकलेला, शेवटचा डाव तोच टाकतो. आमच्या यांना दोन आठवडे जेवण गोड लागलं नाही, तिसऱ्या आठवड्यात हे मला त्याच्या मनगटाबद्दल सांगायला लागले. एवढंच मोल होतं त्या भक्तीचं. तिच्यापायी तीन घरं उठली आणि एका आंधळ्या होत चाललेल्या बाईला आठ महिने वाट बघावी लागली.

आता जे सांगायला बसले ते सांगते. भावजी आले त्याच आठवड्यात आमच्याकडे चिवडा घेऊन आले. हे सोफ्यावर होते. भावजी बसले नाहीत. उभे राहून, हात जोडून म्हणाले, “मधुभाऊ, तुमच्यामुळे परत येता आलं. तुमचे आभार कसे मानू.”

मी दारात उभी होते. मला वाटलं, आता तरी. आता यांच्या तोंडून एखादा शब्द फुटेल, निदान मान खाली जाईल.

हे म्हणाले, “अहो, त्यात काय एवढं. आपलं माणूस म्हटल्यावर करायलाच हवं.” आणि माझ्याकडे वळून, “नीता, चहा टाक.”

मी स्वयंपाकघरात आले. गॅस पेटवला, पण पातेल्यात पाणी घालायचं सुचेना. भावजी मागोमाग आले, डबा ठेवायच्या निमित्ताने. मला बघून त्यांनीच पाणी ओतलं. मग हळू आवाजात म्हणाले, “वहिनी, तुम्ही जीवाला लावून घेऊ नका. मला ऑगस्टपासूनच माहीत होतं.”

मी म्हटलं, “काय माहीत होतं?”

“प्रुइटने मला जुलैत यार्डात सांगितलं होतं, मी जातोय, तुम्ही लोक निर्धास्त राहा. मग तो रजेवर गेला आणि कागद माझ्याच हातात पडला. कागद कुठून निघतो ते मला ठाऊक आहे. गोळाबेरीज मला येते.”

“मग शोभाला का नाही सांगितलंत?”

ते साखरेचा डबा शोधत होते. तुझ्या घरात जिथे असायचा तिथे बघत होते. म्हणाले, “तिला या वाळूत तुमच्याशिवाय कोण होतं? म्हटलं, नोकरी गेली ती गेली. तुमचं दोघींचं तेवढं राहू द्यावं.”

शोभा, तू त्यांच्यासाठी गप्प बसलीस आणि ते तुझ्यासाठी. मी तुझा शब्द मोडला नाही, मोडायला काही उरलंच नव्हतं. पण त्यांनी गप्प राहा असं मला सांगितलं नाही, म्हणून मी लिहिते आहे. आता तू त्यांना पत्र लिही. पाळीत जागून आलेल्या माणसाला तू कोणत्या तोंडाने बोलावणं दिलंस आणि त्यांनी ते कोणत्या मनाने घेतलं, हे तुम्हा दोघांना एकमेकांकडून कळायला हवं. मधे मी नको.

मी त्यांना विचारलं, “सगळं माहीत असून तुम्ही यांचे हात जोडून आभार मानलेत?”

“मानले. माझं त्यात काय गेलं?” ते म्हणाले. “घेताना त्यांना काही होतंय का, ते बघत होतो.”

“आणि?”

“चहा मागितला.”

एवढं बोलून ते कप घेऊन बाहेर गेले. बसून यांच्याशी पाऊण तास गप्पा मारल्या. कंप्रेसरबद्दल, नाशिकच्या द्राक्षांबद्दल. हे खूश होते. निघताना यांनी आग्रह केला, पुढच्या शुक्रवारी ग्राउंडवर या, नवा माणूस दाखवतो. भावजी म्हणाले, शुक्रवारी मी वलीला आणि जालिंदरला पत्रं लिहितो, वेळ नसतो. यांनी विचारलं, कोण वली?

मी तेव्हा यांचा चेहरा नीट पाहिला. नाटक नव्हतं. यांना खरोखरच आठवत नव्हतं.

मी नंतर वलीचा पत्ता भावजींकडून मागून घेतला. तिकडे त्याची बायको नफिसा दापोलीजवळ राहते, तिला लिहीन. काय लिहायचं ते अजून सुचलं नाही. तू तुझ्या पत्रांतून या दोघांचं नाव एकदाही काढलं नाहीस, हे मला टोचलं, तेही लिहून ठेवते. आपल्यात आता लपवाछपवी पुरे झाली.

तू विचारशील, आणि तू? तू काय करणार? मीही स्वतःला विचारते. माझा राग पुष्कळ आहे, पण तो घेऊन जायला घर नाही. आईकडे दादा-वहिनी आहेत, नोकरी मी कधी केली नाही. यांच्याशी भांडण होत नाही, कारण यांना भांडण कशाबद्दल ते समजत नाही. आज सकाळी हे लाल टोपी घालून निघाले तेव्हा मी दार लावून घेतलं आणि तुला लिहायला बसले. थोड्या वेळात परत येतील, भूक लागलेली असेल, आणि मी वाढीन.

तू ये तेव्हा ये. मागच्या ओळीतला फ्लॅट माझ्या गॅलरीतून दिसतो.

यांच्याच पगारावर जेवणारी,
नीता